पहिली आठ इंची दुर्बीण: खोकं उघडण्यापासून पहिल्या तेजोमेघापर्यंत

आठ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बेसवर बसणारी, आरशाची) दुर्बीण घेतलेल्या ओळखीच्या माणसांचे फोन साधारण तिसऱ्या-चौथ्या रात्री येतात. तक्रार ठरलेली असते. ‘चंद्र सोडून काहीच सापडत नाही’, नाहीतर ‘सापडतं, पण सगळं धुरकट दिसतं.’ यातल्या एकाही दुर्बिणीत खोट निघालेली मला आठवत नाही. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. उजेडात करायची कामं अंधारात चाचपडत केलेली असतात, जास्त पॉवरचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) आधी लावलेलं असतं आणि उबदार खोलीतून उचललेली दुर्बीण तशीच गुरूवर रोखलेली असते.

म्हणून इथे क्रमच सांगतो, कोल्हापूर आणि आसपासच्या भागातून बघणाऱ्यांसाठी. आकडे २०० मिमी आरशाच्या आणि १२०० मिमी फोकल लेंग्थच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीचे आहेत, कारण आठ इंचीत हीच सर्वांत जास्त दिसते. तुमची सहा किंवा दहा इंची असली तरी टप्पे हेच.

१. खोकं उघडायच्या आधी

ट्यूब आणि बेस मिळून वजन वीस किलोच्या पुढे जातं. ट्यूब सव्वा मीटरच्या आसपास लांब असते आणि तिला मिठी मारूनच उचलावं लागतं. गच्चीवर न्यायची असेल तर जिन्याच्या वळणावर ती फिरते का, हे आधी एक रिकामं लांब खोकं घेऊन बघा. ट्यूब एका फेरीत, बेस दुसऱ्या फेरीत. दोन्ही जोडून उचलायचा मोह टाळा. गाडीने रानात जाणार असाल तर मागच्या सीटची रुंदी फीत लावून मोजा.

सोबत लागतं ते थोडंच: उंची कमी-जास्त होणारं स्टूल, टॉर्च आणि तिच्यावर बांधायला लाल जिलेटीन कागद, एक छोटं टेबल, एक वही. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं अॅप घ्या आणि त्यात ठिकाण कोल्हापूर टाका.

दुर्बिणीबरोबर येणारी २५ मिमी आणि १० मिमी ही दोन आयपीस पहिल्या तीन महिन्यांना पुरतात. आयपिसांचा संच, बार्लो (पॉवर वाढवणारं जोडभिंग), रंगीत फिल्टर यातलं काहीही आत्ता घेऊ नका. आपल्याला काय कमी पडतंय ते वीस-पंचवीस रात्री पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक हिशेब मात्र पाठ करून टाका. दुर्बिणीची फोकल लेंग्थ भागिले आयपिसाची फोकल लेंग्थ म्हणजे पॉवर. २५ मिमी लावलं की ४८ पट, १० मिमी लावलं की १२० पट. आकडा लहान तेवढी पॉवर मोठी, आणि नवख्या माणसाची इथेच गल्लत होते. खोक्यावर ‘४०० पट’ छापलेलं असतं. आरशाच्या हिशेबाने ते चुकीचं नाही, पण आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊ देत नाही.

२. जोडणी

बेसच्या फळ्या बहुधा भुशाच्या दाबलेल्या बोर्डच्या असतात. स्क्रू पानाने ताकद लावून पिळले तर भोकं मोठी होतात आणि पुढे बेस डुगडुगतो. सगळे स्क्रू आधी निम्मे बसवा, बेस सपाट फरशीवर ठेवा, मग एकेक करून आवळा. मुख्य आरशाला हात लावायचा नाही. धूळ दिसली तरी पुसायचा नाही. थोड्या धुळीने चित्रात फरक पडत नाही, रुमालाने पडलेले ओरखडे मात्र कायमचे राहतात.

इथे तपासा: ट्यूब कोणत्याही कोनात सोडली की तिथेच थांबली पाहिजे. आपोआप खाली-वर जात असेल तर बाजूचा ताण देणारा नॉब किंवा ट्यूबची जागा बदला. ही खटपट दिवसाच संपवा.

३. फाइंडर दिवसा जुळवा

माझा अनुभव असा, की ‘काही सापडत नाही’ म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा फाइंडर, म्हणजे ट्यूबवरची नेम धरायची छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपका, जुळवलेला नसतो. २५ मिमीमधून आकाशाचा साधारण एक अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे दोन पूर्ण चंद्र शेजारी ठेवले तर मावतील एवढाच. तेवढ्या भोकातून अख्ख्या आभाळात गुरू शोधत बसणं म्हणजे रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून नळकांड्यातून पलीकडच्या काठावरचा एक माणूस शोधणं.

सावध: सूर्य वर असताना काम करताय. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जातो. त्यासाठी साधा नियम: सकाळी पश्चिमेकडे रोखायचं, दुपारनंतर पूर्वेकडे. मुलं जवळ असतील तर फाइंडरवरचंही झाकण लावून ठेवा. उघडी दुर्बीण उन्हात सोडून पाणी प्यायलाही जायचं नाही, आरसा ऊन एकवटतो आणि काहीतरी पेटू शकतं.

आता क्रम. २५ मिमी लावा. किमान एक किलोमीटर लांबची ठळक, न हलणारी वस्तू निवडा: मोबाइल टॉवरचं टोक, पाण्याच्या टाकीचा कठडा, मळ्यातून बघत असाल तर गुऱ्हाळाचं धुराडं. जवळची वस्तू घेतली तर फाइंडर आणि दुर्बीण यांच्यातल्या वीतभर अंतरामुळे जुळणी चुकते.

ती वस्तू आधी मुख्य दुर्बिणीत आणा. बहुतेक जण उलट करतात, फाइंडरमध्ये धरतात आणि मग दुर्बिणीत शोधत बसतात. ट्यूबच्या कडेवरून बंदुकीसारखी नजर लावा, आयपिसात बघत हळूहळू फिरवा, फोकसरचा (आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीचा) नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. कुठेतरी चित्र स्वच्छ होतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा समोर विजेच्या खांबावरची चिनी मातीची वाटी आली आणि तिच्या शेजारी बसलेला होला. त्याच्या मानेवरचे काळे-पांढरे ठिपके मोजता येत होते, फक्त तो उलटा लटकलेला दिसत होता. दुर्बिणीत चित्र उलटंच दिसतं. त्यात बिघाड काही नाही, आकाशात वर-खाली नसल्यामुळे अडतही नाही.

ती वस्तू बरोबर मध्यावर ठेवून, ट्यूबला धक्का न लावता, फाइंडरचे स्क्रू फिरवा. एक सैल केला की समोरचा आवळायचा. फुलीवर किंवा लाल ठिपक्यावर तीच वस्तू आली की थांबा. मग १० मिमी लावून पुन्हा मध्यावर आणा आणि फाइंडर थोडा सुधारा. रात्री एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर शेवटचा हात फिरवायचा.

इथे तपासा: दुर्बीण भलतीकडे फिरवा, मग फक्त फाइंडर वापरून त्याच वस्तूवर परत या. २५ मिमीमध्ये ती पाचही वेळा सापडली तर पुढे जा. चारदा सापडली असेल तर स्क्रू पुन्हा बघा.

४. आरसे एका रेषेत आणणं

याला सगळे कॉलिमेशनच म्हणतात. ट्रकमधून आलेली दुर्बीण थोडी हललेली असणार हे धरून चाला. लोक याला घाबरतात, म्हणून महिनोन् महिने हात लावत नाहीत आणि शनीची कडी कधीच धारदार दिसत नाहीत. दुसऱ्यांदा कराल तेव्हा दहा मिनिटं लागतील, दहाव्यांदा दोन.

दिवसा उजेडात ट्यूब आडवी ठेवा. आडवीच, कारण वरच्या, फोकसरसमोरच्या छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना एलन की निसटली तर उभ्या ट्यूबमध्ये ती थेट मुख्य आरशावर पडते. आयपीस काढा आणि त्या जागी कॉलिमेशन कॅप बसवा. ती नसेल तर फोकसरच्या प्लॅस्टिकच्या धूळझाकणाला बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं तरी चालतं. भोकाला डोळा लावा.

आत वर्तुळात वर्तुळं दिसतात आणि गोंधळ होतो. म्हणून एकावेळी एकच गोष्ट बघायची.

आधी फक्त छोट्या आरशाची बाहेरची कड. ती फोकसरच्या नळीच्या मध्यावर आणि गोल दिसते का? बहुधा दिसते. दिसत असेल तर मधल्या मोठ्या स्क्रूला अजिबात हात लावू नका.

मग त्या छोट्या आरशात दिसणारं मुख्य आरशाचं प्रतिबिंब. मुख्य आरशाला धरणाऱ्या क्लिपा, बहुधा तीन, सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी लपली असेल तर छोट्या आरशामागचे तीन बारीक स्क्रू फिरवायचे. एक पाव फेरा सैल केला तर दुसरा तेवढाच आवळायचा.

शेवटी मुख्य आरसा. त्याच्या मध्यावर कारखान्यातूनच एक छोटं कडं चिकटवलेलं असतं. काढू नका, ते बरोबर मधल्या सावलीत येतं, त्यामुळे चित्राला त्याचा त्रास नाही. ट्यूबच्या बुडाशी दोन प्रकारचे स्क्रू असतात, आरसा तिरका करणारे आणि त्याला जागेवर धरून ठेवणारे. धरून ठेवणारे आधी सैल करा. हे विसरून जोर लावणारे फार. मग दुसरे थोडे थोडे फिरवत, कॅपच्या भोकाचा ठिपका त्या कड्याच्या बरोबर आत येईपर्यंत चालू ठेवा. एक माणूस भोकातून बघतोय आणि दुसरा बुडाशी बसून ‘आता कुठला? डावा?’ विचारतोय, असं केलं तर काम झटपट होतं. ठिपका कड्यात बसला की धरणारे स्क्रू हलकेच आवळा, आणि पुन्हा बघा, कारण आवळताना तो थोडा सरकतो.

सावध: स्वस्त लेझर कॉलिमेटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो फोकसरमध्ये बसवून स्वतःभोवती फिरवा. मुख्य आरशावरचा लाल ठिपका जागेवर न राहता गोल फिरला तर लेझरच वाकडा आहे.

खरी परीक्षा रात्री. दुर्बीण गार झाल्यावर १० मिमीमधून एक तेजस्वी तारा मध्यावर आणा आणि फोकस थोडा बिघडवा. तारा प्रकाशाच्या वर्तुळात फुगतो आणि मध्ये छोट्या आरशाची काळी सावली दिसते. सावली बरोबर मध्यावर असेल तर कॉलिमेशन जमलं. यासाठी बरेच लोक ध्रुवतारा घ्या म्हणतात, कारण तो हलत नाही. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ आहे, म्हणून आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर असतो आणि तिथली जाड हवा त्याला थरथरवत ठेवते. उंचावरचा तारा घ्या आणि तो सरकेल तसं ट्यूबला हळूच ढकलत राहा.

५. रात्र निवडणं

चंद्र बघायला पौर्णिमा ही सर्वांत वाईट रात्र. ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात, डोंगर आणि विवरं सपाट होऊन जातात. शुद्ध पंचमी ते दशमी या तिथी घ्या आणि उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर दुर्बीण धरा.

तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिकांसाठी चंद्र आकाशात नको. यासाठी घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ त्यात छापलेली असते. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर चौथ्या रात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत आकाश आपलं. तिथून अमावस्या ओलांडून शुद्ध तृतीयेपर्यंतचा काळ राखून ठेवा.

आता आपल्या भागाचं. जून ते सप्टेंबर विसरून जा. ऑक्टोबरच्या शेवटी आकाश उघडतं, पण त्याच सुमाराला उसाचा हंगाम सुरू होतो. पाला पेटवलेला असतो, गुऱ्हाळं चालू असतात, आणि वारा पडलेल्या संध्याकाळी तो धूर पंचगंगेच्या खोऱ्यात अंथरल्यासारखा पसरून राहतो. अशा रात्री क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंतचं काही बघू नका, डोक्यावरचं बघा. आणि एप्रिल-मे उकाड्यामुळे टाळू नका. वळवाची एक सर येऊन गेली आणि रात्री ढग फाटले, की धूळ धुतलेलं जे आकाश मिळतं तसं ऐन थंडीतही मला क्वचितच मिळालंय.

तारे जोरात लुकलुकत असतील तर हवा अस्थिर आहे, ग्रहांवर जास्त पॉवर लावून काही मिळणार नाही. ती रात्र तारकागुच्छांना द्या.

६. गच्ची की रान

चंद्र, ग्रह आणि जोडतारे राजारामपुरीतल्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात. त्यांना अंधार नाही, स्थिर हवा लागते. अडचण स्लॅबची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो आणि शेजारचे पत्रेही. गच्चीवर ग्रह बघायचे तर उशिरा किंवा पहाटे बघा, आणि शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून रोखणं टाळा. अंगणातली माती किंवा गवत कधीही चांगलं.

तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी शहर सोडायलाच हवं. पन्हाळा, जोतिबाची बाजू जवळ पडते, पण तिथून कोल्हापूर आग्नेयेला येतं आणि त्याच बाजूचं आकाश पांढुरकं होतं. आपल्या अक्षांशावरून दक्षिण आकाश फार चांगलं दिसतं, आणि ते शहराच्या उजेडात घालवणं मला पटत नाही. म्हणून मी गारगोटी-भुदरगडकडे किंवा राधानगरीच्या वाटेवर एखाद्या ओळखीच्या मळ्यात जागा शोधा असं सांगेन. शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो. गगनबावड्याकडे गेलात तर तो पूर्वेला राहतो, तेही चालतं.

सावध: दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात रात्री शिरू नका. रस्त्याकडेलाही गवे येतात. मळ्यात मालकाला आधी सांगून ठेवा, कारण रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला माणसं फिरत असतात आणि अनोळखी नळकांडं बघून घाबरतात. मोटारीच्या खोलीवरचा बल्ब तेवढा बंद ठेवायची विनंती करा. बूट घाला, आणि बेस ठेवण्याआधी पांढऱ्या टॉर्चने जमीन नीट बघून घ्या. उसाच्या कडेला साप असतो.

७. पहिल्या रात्रीचा क्रम

सूर्य मावळताच दुर्बीण बाहेर काढा, झाकण काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. जाड आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास घेतो. तोवर त्याच्यावरून उबदार हवेच्या लाटा उठतात आणि ग्रह तव्यावरच्या हवेतून बघितल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या रात्री मी हेच चुकलो होतो. बंद गाडीत दुपारभर तापलेली दुर्बीण काढली, १० मिमी लावलं, आणि गुरूच्या जागी उकळणारा गोळा पाहून आरसा सदोष आहे अशी खात्री करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तीच दुर्बीण तासभर अंगणात ठेवली, तर गुरूवरचे दोन पट्टे सरळ रेघ मारल्यासारखे दिसले.

हा वेळ डोळ्यांनाही लागतो. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात, आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई जाते. स्टेलॅरियममध्ये रात्रीसाठी लाल पडदा करायची सोय आहे, ती लावून ठेवा.

मग दर वेळी हाच क्रम: फाइंडरमध्ये धरा, २५ मिमीमधून बघा, मध्यावर आणा, फोकस करा, आणि गरज वाटली तरच १० मिमी लावा. जास्त पॉवरचं आयपीस लावून शोधायला कधीही सुरुवात करू नका. १० मिमीमध्ये ग्रह आयपिसाच्या या कडेपासून त्या कडेला दीड-पावणेदोन मिनिटांत निघून जातो. मळ्यातल्या मामांनी पहिल्यांदा शनी बघितला तेव्हा ते डोळा न काढता म्हणाले, ‘आरं, ह्ये तर पळतंय की!’ पळते ती आपली पृथ्वी. ट्यूबला पुढच्या टोकाशी दोन बोटांनी हलकंसं ढकलत राहायचं, तो हात आठवडाभरात बसतो. वस्तू ज्या कडेने बाहेर जाते ती पश्चिम, एवढं लक्षात ठेवलं की नकाशाशी दिशा जुळवता येतात.

चष्मा जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून बघा, फोकस ते भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा.

पाहुणे येणारच. प्रत्येकाला आधी सांगा, ‘हात मागे बांधून बघा.’ माणूस नकळत आयपीस धरतो आणि दुर्बीण हलते. म्हाताऱ्या माणसांना स्टुलावर बसवा, घाई करू नका. ‘दिसलं का?’ विचारलं तर सगळे ‘दिसलं’ म्हणतात. त्याऐवजी ‘कड्याच्या कुठल्या बाजूला ठिपका आहे?’ असं विचारा. मग खरं कळतं.

८. काय बघायचं, कोणत्या क्रमाने

चंद्र. अष्टमीच्या आसपास सीमारेषेवर टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाखेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात. दशमीला कोपर्निकस. प्रकाश डोळ्याला खुपतो पण इजा करत नाही, जवळ एक दिवा चालू ठेवला की त्रास कमी होतो.

गुरू आणि शनी. गुरूचे चार चंद्र वहीत ठिपक्यांनी काढा आणि दोन तासांनी पुन्हा काढा. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेवर होती, तिथून ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. ४८ पटीत ती इवलीशी पण स्पष्ट असतात. ग्रहाकडे एका नजरेत काही मिळत नाही, पाच मिनिटं डोळा लावून बसा. हवा अधूनमधून क्षणभर शांत होते आणि त्या क्षणात बारकावा दिसून जातो.

कृत्तिका. इथे दुर्बीण मोठी पडते, गुच्छ २५ मिमीमध्येही पुरता मावत नाही. फाइंडरमधूनच जास्त सुंदर दिसतो.

मृगातला तेजोमेघ, एम ४२. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे ओळखा. त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे, तिच्या मध्यावरचा ‘तारा’ धुरकट दिसतो, तोच. इथे कोल्हापूरकरांसाठी एक खास अडचण आहे. हा तेजोमेघ आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर, ६८ अंशांपर्यंत चढतो, आणि डॉबसोनियन डोक्यावर रोखली की बाजूला फिरवणं फार जड जातं. परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे मृग खालीच असतो. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाला तो डोक्यावर असतो, तुम्ही आठलाच, पूर्वेला अर्ध्या उंचीवर असताना धरा. फोटोतले लाल-निळे रंग शोधू नका. डोळ्याला राखाडी, फार तर किंचित हिरवट झाक असलेला पंख दिसेल आणि त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा चौकोन. थेट न बघता नजर जराशी बाजूला ठेवा, पंख लांबत जातो. मंद सगळ्या गोष्टींना ही तिरपी नजरच लागते.

देवयानी दीर्घिका. शर्मिष्ठेच्या आधाराने शोधा, नोव्हेंबर-डिसेंबरात. दिसतो तो फक्त तिचा उजळ गाभा, लंबगोल धुक्यासारखा. अंधाऱ्या जागेशिवाय जाऊ नका, निराशा होते.

नरतुरंगातला ओमेगा, हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना हा घरून दिसतच नाही, आणि आपल्याला मळ्यातून मिळतो. चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच असेल तेव्हा तिच्या सरळ खाली हात लांब करून साडेतीन मुठी मोजा. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेबाराच्या सुमाराला, मेच्या मध्यात साडेदहाला. क्षितिजापासून सव्वीस अंशांवर एक धुरकट ठिपका, नुसत्या डोळ्यालाही जाणवणारा. २५ मिमीमध्ये तो गोल ढग होतो. १० मिमी लावा आणि थांबा. कडेपासून आतपर्यंत दाणे फुटायला लागतात, रव्याची मूठ काळ्या कापडावर पसरावी तसे.

९. आवरताना, आणि पावसाळ्यात

उसाच्या पाणथळ मळ्यात मध्यरात्रीनंतर दव जोरात पडतं. जुनी योगा मॅट ट्यूबच्या तोंडाभोवती गुंडाळून हातभर पुढे काढली तर छोटा आरसा बराच वेळ कोरडा राहतो. वापरात नसलेल्या आयपिसांना झाकणं लावा. दव धरलंच तर पुसू नका.

घरी आल्यावर सर्वांत मोठी चूक होते: ओल्या दुर्बिणीला झाकण लावून झोपणं. आतली ओल आत राहते आणि बुरशी धरते. झाकण न लावता ट्यूब आडवी ठेवा, तोंडावर विरळ सुती कापड टाका, आणि सकाळी आरसा स्वच्छ कोरडा दिसल्यावरच झाकण लावा.

जूनच्या आधी आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचे रंग बदलणारे दाणे मिळतात ते घ्या, ओल शोषल्याचं दिसतं. ट्यूब बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. बेस फरशीवर थेट न ठेवता लाकडी पाट्यांवर उचलून ठेवा, बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही. पंधरा दिवसांनी एकदा, उघडीप असेल त्या दुपारी, झाकणं काढून तासभर मोकळी हवा द्या आणि आरशावर टॉर्च तिरकी धरून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा.

दसऱ्याच्या आसपास दुर्बीण बाहेर काढाल तेव्हा थेट रात्री नेऊ नका. आधी दुपारी तिसरा आणि चौथा टप्पा पुन्हा करा.